निळी वायर पहिली

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लोधीखेड्याला पंधरा दिवस राहून पुष्पा सौंसरला परतली, तेव्हा तिचे दोन्ही स्पीकर विहाराच्या बाहेर, चपलांच्या रॅकला लागून, भिंतीकडे तोंड करून उभे होते. एकाच्या डोक्यावर कोणीतरी ओली छत्री वाळत घातली होती. दुसऱ्यावर वहीचा कागद चिकटवला होता : ‘सुखदेव रिवायंडिंग. रविवारपर्यंत घेऊन जाणे.’

तिने पिशवी खाली ठेवली. आधी छत्री उचलून बाजूला टाकली. मग कागद वाचला, आणि खात्री करून घ्यायला पुन्हा एकदा वाचला. आधी कशाचा राग करावा हेच तिला ठरवता येईना. डबे बाहेर काढल्याचा, छत्रीचा, की त्या नावाचा. कारण हे डबे सुखदेवने बनवलेच नव्हते. सुखदेव तिचा नवरा, माणूस सोन्यासारखा. पण त्याने फक्त प्लायवुड कापून दिलं होतं, आणि तेही एका बाजूला अर्धा सूत कमी.

करुणाताई आतून झाडू घेऊन आल्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, बारीक अंगाच्या आणि त्याहून बारीक आवाजाच्या. पावसाळ्याचे तीन महिने, वर्षावासात, विहारात रोज संध्याकाळी सात वाजता ग्रंथ वाचला जातो, आणि गेली नऊ वर्षं तो त्याच वाचतात. पुष्पाला पाहून त्यांनी झाडू मागे लपवला, जणू डबे त्यांनीच झाडून बाहेर काढले होते.

त्यांनी सांगितलं ते असं. पुष्पा गेल्याच्या पाचव्या दिवशी विहार समितीचे अध्यक्ष उत्तमराव यांनी पांढुर्ण्याहून शुभम नावाचा साउंडवाला आणला. त्याने डबे मागून उघडले, आतलं काहीतरी काढून घेतलं, एक बटणांची पेटी आणि नवा अ‍ॅम्प्लिफायर लावला. चार दिवस आवाज चांगला आला. “चांगला म्हणजे, खोटं कायले बोलू, लईच चांगला,” करुणाताई म्हणाल्या आणि लगेच पुष्पाच्या तोंडाकडे पाहून गप्प झाल्या. मग शनिवार आला. शनिवारी विहार धुतात. सगळं सामान बाहेर काढतात आणि परत लावतात. संध्याकाळी करुणाताई माइकसमोर बसल्या, पहिलं वाक्य वाचलं, आणि डावीकडच्या डब्यातून जळका वास आला. मग उत्तमराव उभे राहिले आणि भरल्या सभेत बोलले की घरगुती माल शेवटी घरगुतीच. आता आपण तहसीलची माणसं नाही राहिलो, पांढुर्णा आपला जिल्हा झाला. कंपनीचा माल आणू. रविवारी पांढुर्ण्याहून नवे स्पीकर येणार होते. तोवर छपरावरचा जुना भोंगा परत लावला होता.

“घरगुती म्हणले?” पुष्पाने विचारलं.

“दोनदा,” करुणाताई म्हणाल्या.

पुष्पाने पिशवी उचलली. तिला वाटलं, पापडाला घरगुती म्हटलं की लोक वर दोन पाकिटं जास्त नेतात. लोणच्याला म्हटलं की बाटली उघडून वास घेतात. आणि बाईने स्पीकर बनवला की त्याच शब्दाने त्याला चपलांजवळ उभा करतात.

*

हे डबे जन्माला आले ते सगुणाबाईमुळे. सगुणाबाई कापूस वेचायला जाणारी म्हातारी, तिला अक्षर ओळखू येत नाही. विहारात मागच्या भिंतीला टेकून बसते आणि डोळे मिटून ऐकते. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी वाचन सुटल्यावर तिने पुष्पाला विचारलं होतं की आज करुणाबाईनं काय वाचलं वं, मले तर नुसती घुं घुं ऐकू आली. भोंगा एक मैलावर आवाज पोचवतो, पण खाली बसलेल्या माणसाला शब्द देत नाही. पुष्पाने त्या दिवशीचं वाचन जमेल तसं सांगितलं. घरी गेली, पण ते घुं घुं तिच्या डोक्यातून गेलं नाही. वाचता येत नाही म्हणून जी बाई ऐकायला येते, तिलाच ऐकू येत नसेल, तर मग तो ग्रंथ वाचला जातो कोणासाठी?

पुष्पा आठवी शिकलेली. लग्न करून आली ती सुखदेवच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात. संत्र्याच्या बागांमधल्या पाण्याच्या मोटरी उन्हाळ्यात धडाधड जळतात. त्या उघडायच्या, जळकी तार काढायची, नवी कॉइल भरायची. सव्वीस वर्षं तिने कॉइल भरल्या. सुखदेव गिऱ्हाईकाशी बोलतो, मोटर खोलतो, बसवतो. तारेचे वेढे घालते ती पुष्पा. बोलता बोलता, भाजी निवडायला सांगता सांगता, वेढा मोजायला ती चुकत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, सुखदेवची कॉइल पाच वर्षं पाहायचं काम नाही. सुखदेव म्हणतो, “होय न.” इतकंच.

बाकीचं ती मोबाइलवर शिकली. व्हिडिओतला माणूस काय बोलतो ते अर्धं कळायचं. पण तो आकृती काढायचा आणि आकृतीला भाषा लागत नाही. ती कॅलेंडरच्या पाठीमागे उतरवून घ्यायची. पहिला डबा तिने संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्यांचा केला. तो करुणाताईंच्या आवाजाबरोबर स्वतःही बोलायला लागला. थंडी भरल्यासारखा थरथरला. त्या फळ्या चुलीत गेल्या. मग अठरा एमएमचा प्लाय आला. डब्याच्या आत आवाज घुमू नये म्हणून मोहगावच्या नणंदेकडून पिंजलेला कापूस आणून भरला. खाली आठ इंची वूफर, वर छोटं ट्वीटर.

खरं काम होतं ते या दोघांमध्ये आवाज वाटून देण्याचं. माणसाच्या आवाजात जाड असतं आणि बारीक असतं. जाड वूफरने काढायचं, बारीक ट्वीटरने. ट्वीटर नाजूक, त्याच्या वाट्याला जाड आवाज आला तर ते मरतं. म्हणून वूफरच्या वाटेत तांब्याची कॉइल ठेवायची, ती बारीक आवाज अडवते. आणि ट्वीटरच्या वाटेत कंडेन्सर, तो जाड आवाज अडवतो. या वाटणीच्या जोडीला क्रॉसओव्हर म्हणतात. कॉइल आणि कंडेन्सर हे दोन्ही पुष्पाच्या रोजच्या हाताखालचे. व्हिडिओतला माणूस ज्या कॉइलला अवघड म्हणत होता, ती पाहून तिला हसू आलं होतं.

तरी तिने घाई केली नाही. एकशे सत्तर वेढ्यांची कॉइल भरली. करुणाताईंना दुकानात स्टुलावर बसवून एकच पान पुन्हा पुन्हा वाचायला लावलं, आणि मागच्या खोलीत डब्यासमोर सगुणाबाईला बसवलं. एक एक वेढा सोडत गेली. एकशे अठ्ठावन्नाव्या वेढ्याला सगुणाबाई आतून म्हणाली, “आता कशी समोर बसून बोलून राहिली बाई.” पुष्पाने तिथे तार कापली. दुसऱ्या डब्यालाही तेवढेच वेढे.

डबे विहारात लागले त्या दिवशी उत्तमरावांनी माइकवरून आभार मानले होते. सुखदेवभाऊंचे. सुखदेव हात जोडून उभा राहिला. पुष्पा बायकांमध्ये बसली होती. शेजारणीने तिला कोपर मारलं, आणि ती म्हणाली, जाऊ दे वं, आवाज तर आला न. तेव्हा तिला खरंच तसं वाटलं होतं. आता दोन वर्षांनी त्या ‘जाऊ दे’चा तिला सगळ्यात जास्त राग आला.

*

डबे हातगाडीवरून घरी आणले. सुखदेव एका बाजूने उचलू लागला आणि म्हणाला की उत्तमभाऊ मोठा माणूस, वीज मंडळातून रिटायर, त्यांच्याशी कायले तोंडाला तोंड देतं. आपण दुकानात लावू, गाणे ऐकू.

“तुमचं नाव लिहून बाहेर काढलं,” पुष्पा म्हणाली. “तुमाले काहीच नाही वाटत?”

सुखदेवने विचार केला. “वाटते न. पण ते नाव खोटंच होतं, त म्या कायचा राग करू?”

तिने स्क्रूड्रायव्हर उचलला.

डाव्या डब्याची मागची फळी काढली. कापूस तसाच होता, पण चुरगळून कोंबलेला. तिने तो बाहेर घेतला आणि हात आत घातला. जिथे कॉइल होती तिथे चार स्क्रूंची रिकामी भोकं. कंडेन्सर नाही. ट्वीटरच्या दोन तारा सरळ मागच्या फळीतून बाहेर. उजव्या डब्यातही तेच. तिने मीटर लावलं. डावं ट्वीटर मेलेलं. उजवं ट्वीटर मात्र ठणठणीत. दोन्ही वूफरही चांगले.

ती खाली बसली. चारातलं एकच जळलं. माल वाईट असता तर दोन्ही ट्वीटर सारखेच, एकाच दिवशी घेतलेले, एकाच पेटीतले; मग उजवं का नाही जळलं? आणि हे सगळं तिच्या डब्याचं पाप कसं, जर तिच्या डब्यातला राखणदारच काढून नेला होता? कोणाच्या घराचा दरवाजा उखडून न्यायचा आणि चोरी झाली की घरवाल्यालाच म्हणायचं, तुझं घर कच्चं.

“मी उद्या पांढुर्ण्याले जाऊन राहिली,” ती म्हणाली.

सुखदेवने विचारलं, सोबत येऊ का. ती म्हणाली, नको, तुम्ही आले की तो तुमच्याशीच बोलेल.

*

बसमध्ये जळकं ट्वीटर तिच्या पिशवीत, रुमालात गुंडाळलेलं होतं. रस्ताभर तिने शुभमला काय काय सुनवायचं ते जुळवलं. तिच्या मनातला शुभम जाड मिशांचा, सोन्याची साखळी घालणारा होता. बस स्टँडमागच्या दुकानात पाहिलं तर तिशीचा, चष्मेवाला, बनियनवर सोल्डरिंग करत बसलेला माणूस. तिला पाहून त्याने घाईघाईने शर्ट घातला, खुर्ची पुसली. म्हणाला, “या काकू, कोणाचं लग्न?”

“लग्न नाही. मयत आहे,” पुष्पा म्हणाली, आणि रुमाल सोडून ट्वीटर त्याच्यासमोर ठेवलं.

त्याने ते ओळखलं. तोंड पडलं त्याचं. सौंसरहून फोन आला होता, म्हणाला. साहेब सांगत होते की डबेच लोकल होते. त्याला पटलं नव्हतं, पण गिऱ्हाईकाशी वाद कोण घालतो. मग त्याने विचारलं की सुखदेवभाऊ नाही आले का, कारण त्याला त्यांना एक गोष्ट विचारायची होती. त्याने ड्रॉवर उघडला आणि दोन्ही कॉइल बाहेर काढल्या. वर्तमानपत्रात नीट गुंडाळून ठेवल्या होत्या.

“मी यायले मीटरवर लावून पाह्यलं, काकू. दोघी सारख्या. पॉइंटनंतरचा आकडासुद्धा सारखा. हातानं असं भरता येते? कोणत्या मशीनवर भरतात भाऊ?”

पुष्पाने आपले दोन हात टेबलावर ठेवले. अंगठ्याच्या बाजूला, तार सरकते तिथे, सव्वीस वर्षांची बारीक रेघ होती.

शुभम हातांकडे पाहत राहिला. मग तिच्याकडे. मग त्याने उठून मागे चहा सांगितला, आणि सांगताना ‘दोन’ऐवजी ‘स्पेशल दोन’ म्हणाला. बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांपैकी निम्मी पुष्पाच्या हातून तिथेच गळाली. याचाही तिला थोडा राग आला.

उरलेली निम्मी तिने वापरली. विचारलं, चांगल्या चालत्या डब्याचं पोट फाडायची काय गरज होती. शुभमने सांगितलं, आणि सांगताना तो साउंडवाला न राहता मास्तर झाला. पुष्पाची पद्धत पॅसिव्ह : आधी अ‍ॅम्प्लिफायर आवाज मोठा करतो, मग डब्याच्या आत कॉइल-कंडेन्सर त्याची वाटणी करतात. त्यात थोडी ताकद कॉइलमध्येच गरम होऊन जाते. त्याची पद्धत अ‍ॅक्टिव्ह : वाटणी आधीच, बटणांच्या पेटीत, आणि मग जाडाला वेगळा चॅनल, बारीकाला वेगळा. कुठे वाटायचं ते बटण फिरवून ठरवता येतं.

“म्हणजे,” पुष्पा म्हणाली, “माझ्या पद्धतीत एकाच मोटरचं पाणी वावरात नेऊन वॉल्वनं वाटलं. तुझ्या पद्धतीत हरेक वावराले वेगळी मोटर.”

शुभमने ते कागदावर लिहून घेतलं. म्हणाला, हे मी आता सगळ्या गिऱ्हाईकांना सांगीन.

त्याने दुकानात दोन्ही प्रकारचे डबे वाजवून दाखवले. आधी पॅसिव्ह, मग अ‍ॅक्टिव्ह. एका बाईचा बोलण्याचा आवाज होता. पुष्पाने सगुणाबाईसारखे डोळे मिटले. दुसरा चांगला होता. थोडासा नाही, चांगलाच. श्वास घेतलेला कळत होता. तिला वाटलं होतं की दुसऱ्यात काहीतरी खोट निघेल, ती जोरात बोलून दाखवता येईल, आणि भांडण सोपं होईल. तसं काही झालं नाही. खऱ्याला खरं म्हणायची सवय माणसाला फार गैरसोयीची असते.

“तुझा चांगला आहे,” ती म्हणाली. “मग माझं ट्वीटर कोणी मारलं ते सांग.”

शुभमने कागदावर काढून दाखवलं. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे एका ओळीत चार जागा. पहिली डाव्या वूफरची, दुसरी डाव्या ट्वीटरची, तिसरी उजव्या वूफरची, चौथी उजव्या ट्वीटरची. ओळखायला त्याने वायरींना रंगीत टेप गुंडाळली होती. लाल, निळी, पांढरी, पिवळी, याच क्रमाने. जी हाती आली ती. क्रम लिहून कागद अ‍ॅम्प्लिफायरवर चिकटवलाही होता.

“विहार शनिवारी धुतात,” पुष्पा म्हणाली. “पाण्यानं.”

“कागद,” शुभम म्हणाला, आणि चष्मा काढून पुसू लागला.

“आणि माझा कंडेन्सर? तो ट्वीटरच्या वाटेत राहू दिला असता, तर चुकीची वायर लागली तरी ते वाचलं असतं न?”

वाचलं असतं, तो म्हणाला. राखणीसाठी एक ठेवतातच. त्याने ठेवला नाही, कारण आवाज एकदम साफ यावा असं त्याला वाटलं. त्याने हे सगळं खाली मान घालून सांगितलं. पुष्पाला तो आवडला, आणि कोणी आवडावं म्हणून काही ती आलेली नव्हती.

पण वायरी लावल्या कोणी, आणि कशा, हे अजून कळायचं होतं. निघताना शुभमने दोन्ही कॉइल, दोन्ही कंडेन्सर आणि आपल्याकडचं एक नवं ट्वीटर तिच्या पिशवीत घातलं. नवे स्पीकर रविवारी आणू की नको, विचारलं. पुष्पा म्हणाली, अकरा वाजेपर्यंत माझ्या फोनची वाट पाहा.

*

रविवारी सकाळी नऊ वाजता समितीची माणसं विहारात होती. पुष्पा गेली आणि कोणाशी न बोलता मूर्तीच्या बाजूच्या पडद्यामागे गेली. अ‍ॅम्प्लिफायर तिथेच होता. डबे बाहेर काढताना वायरी डब्याच्या बाजूने तोडल्या होत्या. अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूने तशाच लागलेल्या होत्या. तिने वाकून पाहिलं. पहिली निळी. मग पिवळी. मग लाल. मग पांढरी.

ती तशीच वाकून राहिली. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हीपेक्षा राग जास्त होता. हा क्रम तिला पाठ होता. वॉर्डातल्या लहान पोरालासुद्धा पाठ होता. निळा, पिवळा, लाल, पांढरा, आणि मग केशरी; पंचशील ध्वजाचे पट्टे.

“भाऊजी,” तिने पडद्यामागून हाक मारली. “ह्या वायरी कोणी लावल्या?”

उत्तमराव आले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेन. म्हणाले, मीच लावल्या, छत्तीस वर्षं वीज मंडळात होतो. कागद भिजला होता. रंग उलटेसुलटे लावून ठेवले होते त्या पांढुर्ण्याच्या पोट्ट्यानं. मूर्तीमागे आपल्या झेंड्याचे रंग, आणि क्रम चुकलेला. ते बरं दिसत नव्हतं. म्हणून सरळ केले. त्यांनी हे असं सांगितलं की ऐकणाऱ्याने शाबासकीच द्यावी.

पुष्पाने शुभमचा कागद उघडून त्यांच्यापुढे धरला. आता मागची माणसंही जमली होती, करुणाताई आणि सगुणाबाईसुद्धा.

“ही पहिली जागा जाड आवाजाची. इथं लाल पाहिजे होती, वूफरची. तुम्ही लावली निळी. निळी म्हणजे डावं ट्वीटर. सगळ्यात नाजूक जीव नेऊन तुम्ही सगळ्यात मोठ्या धारेखाली धरला. पिवळी दुसऱ्या जागेवर गेली, ती बारीकचीच, म्हणून उजवं ट्वीटर वाचलं. कंपनीचा माल असता न भाऊजी, तरी तोही जळला असता. पहिल्या शब्दाले.”

उत्तमरावांनी कागद हातात घेतला. वीज मंडळातला माणूस. आकृती वाचायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते म्हणाले की हेतू चांगला होता.

“हेतूचं मी म्हणत नाही,” पुष्पा म्हणाली. “झेंड्याचा क्रम तुम्ही बरोबर लावला, त्याच्याबद्दल कोणी काही म्हणणार नाही. पण तुम्ही सभेत काय बोलले? घरगुती. दोनदा. मी इथं नव्हती. माझा डबा उघडला, मले फोन नाही. आतलं काढलं, विचारलं नाही. जळला, त एकानंही मागची फळी खोलून पाह्यली नाही. बाहेर काढून ठेवला, चपलांपाशी. अन् वर नाव लिहिलं, ते बी माझं नाही.”

उत्तमरावांनी सुखदेवला शोधलं. सुखदेव दाराशी उभा होता. “सुखदेवभाऊ, तुम्ही त बोलले असते...”

“म्या प्लाय कापला, भाऊ,” सुखदेव म्हणाला. “तेही वाकडा. बाकी मले त्यातलं समजत नाही.”

कोणीतरी हसलं. उत्तमराव हसले नाहीत, पण खिशातलं एक पेन काढून उगाच पुन्हा लावलं, आणि म्हणाले की ठीक आहे, नवे आणायचे नाहीत. डबे आत घ्या. शुभमला बोलावू, राखणीचा कंडेन्सर लावून अ‍ॅक्टिव्हच पुन्हा बसवू. आवाज त्याचाच चांगला होता, हे त करुणाबाई पण म्हणतात.

करुणाताईंनी जमिनीकडे पाहिलं.

“होय, चांगला होता,” पुष्पा म्हणाली. “मी पांढुर्ण्याले बसून ऐकून आली. माझ्यापेक्षा चांगला. ज्याच्या घरी सामान एका जागी राहते, वायरीले दुसरा हात लागत नाही, त्यानं तोच लावावा. इथं दर शनिवारी सगळं निघते. दर शनिवारी लावणारा वेगळा, अन् फिरवायले बटणं बाहेर. आज झेंडा, उद्या कोणी आणखी काही सरळ करून ठेवीन. माझ्या डब्यातून दोनच तारा बाहेर येतात. उलट्या लावा का सुलट्या, काही जळत नाही. वाटणी आत आहे, स्क्रूनं बंद. मले थोडा कमी चांगला आवाज चालीन, पण रोज आला पाहिजे.” मग ती सगुणाबाईकडे वळली. “तुम्ही सांगा, मावशी. हे आठ दिवस काय ऐकलं?”

सगुणाबाईने पदर सावरला. “मले वाटलं, करुणाबाई तोंडात घास ठेवून वाचून राहिली.”

पुष्पाने अकराच्या आत शुभमला फोन केला. तो म्हणाला की तो येतोच, स्पीकर न घेता. डबा लावताना पाहायचा आहे.

*

दुपारी दुकानात कॉइल परत त्याच चार भोकांवर बसल्या. शुभमने सोल्डरिंग केलं, दोनदा चहा घेतला आणि कापूस भरायची पद्धत वहीत लिहून घेतली. नवं ट्वीटर लागलं. मागची फळी लावायच्या आधी पुष्पाने मार्करने आतल्या प्लायवर लिहिलं : १५८ वेढे, आणि आजची तारीख. खाली आपलं नाव. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि थांबली. आत लिहिलेलं वाचणार कोण? जो न विचारता उघडेल तोच. मग तिने दोन्ही फळ्या लावल्या, स्क्रू घट्ट केले, डबे समोरून वळवले, आणि वूफरच्या वरच्या पट्टीवर, डाव्यावर आणि उजव्यावरही, पांढऱ्या रंगात ब्रशने लिहिलं. सावकाश, वेढे मोजावेत तसं एकेक अक्षर. सुखदेवने रंगाचा डबा धरला.

संध्याकाळी सात वाजता उत्तमरावांनी माइक घेतला. वायरी त्यांनी लावल्या नाहीत, दुसऱ्या कोणी लावल्या; डब्याची लाल तार काळ्याच्या जागी गेली होती आणि काही जळलं नाही. ते सूचना सांगत होते. आठ दिवस वाचनात व्यत्यय आला, तांत्रिक कारणाने. पुष्पा बायकांमध्ये बसली होती. तिने सरळ समोर पाहिलं. उत्तमराव थांबले, डाव्या डब्याकडे नजर गेली, मग उजव्याकडे. ज्या बाजूला पाहावं तिथे तेच लिहिलेलं. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले की तांत्रिक कारण म्हणजे वायर माझ्या हातून चुकली होती, आणि डबे पुष्पाबाई गजभिये यांचे आहेत. इतकंच बोलून ते खाली बसले. माफी वगैरे नव्हती त्यात. पुष्पाने ते लक्षात ठेवलं.

करुणाताईंनी पान उघडलं. बारीक आवाज डब्यांतून निघून मागच्या भिंतीपर्यंत गेला, श वेगळा, स वेगळा. पांढुर्ण्यात ऐकला होता तितका साफ नव्हता. हे फक्त पुष्पाला आणि दाराशी बसलेल्या शुभमला कळलं.

वाचन सुटल्यावर सगुणाबाई डब्यांपाशी गेली आणि रंगाला बोट लावून पाहिलं. वाळला होता.

“काय लिहिलं वं इथं?”

“माझं नाव, मावशी.”

“अन् तिकडल्यावर?”

“तेच.”

सगुणाबाईने मागच्या भिंतीकडे पाहिलं, आपल्या बसायच्या जागेकडे, आणि मग परत त्या चार बोटं उंच अक्षरांकडे. “इतकं मोठं कायले लिहिलं?”

“तुम्ही बसता तिथून दिसलं पाहिजे म्हणून,” पुष्पा म्हणाली.

“मले वाचता येते का?”

“मग शिका,” पुष्पा म्हणाली. तिचा राग अजून पुरता उतरला नव्हता. “ह्या नावापासून सुरू करा. चला, प गिरवा आधी.”